प्रक्षेपकाची मांडणी, हाताळणी व पाठातील उपयोग



प्राथमिक अध्यापनात चित्राचे स्थान फार जुने आहे. कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षाच्या सुमारास डच शास्त्रज्ञ हॉयगेन्स याने काचेवरील चित्र दिव्याच्या उजेडाने भिंतीवर मोठे करून दाखविणारा कंदील सिद्ध केला. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने अशाच कंदिलाचे खेळ करून दाखविले. आज आपल्या अनेक शाळांत जो डिजिटल प्रोजेक्टर आहे, तो याच कंदिलाचा वंशज होय. या लेखात त्यास सोयीसाठी ‘प्रक्षेपक’ असे म्हटले आहे.

शाळाभेटीच्या वेळी या यंत्राविषयी दोन प्रकारची स्थिती आढळते. काही ठिकाणी ते लोकवर्गणीतून मोठ्या हौसेने घेतलेले असते, जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंदही असते. परंतु यंत्र मात्र खोक्यात बंद करून कपाटात ठेवलेले असते. ‘दिवा जळेल, बिघाड होईल, मग जबाब कोणी द्यावा?’ ही भीती त्यामागे असते. दुसऱ्या काही ठिकाणी यंत्र रोज चालते, परंतु चित्र इतके फिके आणि अक्षर इतके बारीक असते की पहिल्या दोन ओळींपलीकडील मुले केवळ उजेडाकडे पाहत बसतात. पहिल्या शाळेत यंत्र वापराविना राहते, दुसऱ्या शाळेत ते वापरले जाऊनही शेवटच्या ओळीतील मुलाच्या पदरी काही पडत नाही. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. त्यांसाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. थोडे गणित, थोडी शिस्त आणि पाठाची पूर्वतयारी एवढे पुरते.

१. यंत्राची ओळख

प्रक्षेपकात मुख्यतः तीन गोष्टी असतात : प्रकाश देणारा दिवा, चित्र घडविणारा भाग आणि ते चित्र भिंतीवर मोठे करणारे भिंग. संगणकाकडून आलेले चित्र प्रकाशात उतरविण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एका रीतीत तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांसाठी तीन लहान स्फटिकपट्ट्या असून त्यांतून गाळून आलेला प्रकाश एकत्र केला जातो. दुसऱ्या रीतीत बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यावर लक्षावधी सूक्ष्म आरसे बसविलेले असतात. हा आरशांचा तुकडा अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली तयार केला. १०२४ × ७६८ बिंदूंचे चित्र देणाऱ्या अशा यंत्रात सर्वसाधारणपणे प्रत्येक बिंदूसाठी एक, म्हणजे ७,८६,४३२ आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदात हजारो वेळा कलून आपापल्या बिंदूचा प्रकाश भिंतीकडे धाडतो किंवा अडवितो. सातवीच्या मुलांस हा गुणाकार अवश्य करावयास सांगावा.

दिव्याचेही प्रकार आहेत. पुष्कळशा यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा, उच्च दाबाचा दिवा असतो व त्याचे आयुष्य साधारणतः ३,००० ते ५,००० तास सांगितलेले असते. एलईडी अथवा लेसर प्रकाशाच्या यंत्रांचे आयुष्य सुमारे २०,००० तासांपर्यंत असते. आपल्या यंत्राचा प्रकार कोणता, हे माहितीपुस्तिकेत पाहून यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

आता ‘दिवा जळेल’ या भीतीचा हिशेब करू. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस ठरविलेले आहेत. रोज पूर्ण एक तास यंत्र चालविले, तरी वर्षाला २०० तास होतात. म्हणजे ३,००० तासांचा दिवा या हिशेबाने १५ वर्षे पुरावयास हवा. उलटपक्षी, बंद कपाटातील यंत्रास दमट हवा, धूळ, मुंग्या आणि तारा कुरतडणारे उंदीर यांपासून अपाय पोहोचतो. पावसाळ्यात भिंगावर बुरशीही धरते. वापरापेक्षा न वापरण्यानेच यंत्र लवकर निकामी होण्याचा संभव अधिक, हे ध्यानी घ्यावे.

२. जागा व उजेड

प्रक्षेपक काळा रंग फेकू शकत नाही. भिंतीवर जे काळे दिसते ते केवळ ‘प्रकाश न पडलेली भिंत’ होय. म्हणून भिंतीवर दारा-खिडकीचा उजेड पडत असेल, तर काळ्याचा करडा होतो आणि सारे चित्र फिके पडते. यावर उपाय म्हणजे यंत्र बदलणे नव्हे, भिंत बदलणे होय. ज्या भिंतीवर समोरच्या खिडकीतून थेट उजेड येत नाही, ती भिंत निवडावी. भिंतीजवळच्या खिडक्यांना जाड, गडद कापड लावावे. मागील बाजूची एखादी खिडकी मात्र उघडी ठेवावी. वर्ग पूर्ण अंधारा करू नये. मुलांचे चेहरे शिक्षकास दिसले पाहिजेत, मुलांना वहीत लिहिता आले पाहिजे आणि हवाही खेळती राहिली पाहिजे.

पडदा नसल्यास चुन्याने अथवा साध्या पांढऱ्या डिस्टेंपरने रंगविलेली सपाट भिंत उत्तम काम देते. चकाकणारा तैलरंग वापरू नये. त्यावर दिव्याचा झगझगीत ठिपका उमटून मुलांच्या डोळ्यांस त्रास होतो.

चित्र केवढे असावे, याविषयी पुष्कळदा गैरसमज असतो. मोठे चित्र म्हणजे चांगले चित्र, असे नाही. यंत्राच्या प्रकाशाचे माप ल्यूमेनमध्ये देतात. यंत्र ३,००० ल्यूमेनचे आहे असे समजू. चित्र ६ फूट रुंद व पावणेचार फूट उंच घेतले, तर क्षेत्रफळ साडेबावीस चौरस फूट होते आणि दर चौरस फुटास सुमारे १३३ ल्यूमेन प्रकाश मिळतो. तेच चित्र दुप्पट, म्हणजे १२ फूट रुंद केले, तर क्षेत्रफळ ९० चौरस फूट होऊन दर चौरस फुटास केवळ ३३ ल्यूमेन उरतो. रुंदी दुप्पट केली की तेज चौथाई होते. सुमारे २० फूट लांबीच्या वर्गात ५ ते ६ फूट रुंदीचे चित्र पुरेसे असते.

३. मांडणीचा क्रम

(अ) अंतर : भिंगापासून भिंतीपर्यंतचे अंतर आणि चित्राची रुंदी यांचे प्रमाण प्रत्येक यंत्राचे ठरलेले असते व ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. हे प्रमाण १.५ असल्यास ६ फूट रुंद चित्रासाठी यंत्र ९ फुटांवर ठेवावे लागेल. एकदा अचूक जागा सापडली की तेथे फरशीवर रंगाने खूण करावी. रोज शोधाशोध करावी लागणार नाही.

(आ) उंची : टेबलावर ठेवलेल्या बहुतेक यंत्रांचे चित्र भिंगाच्या पातळीपासून वर चढते. मुले बस्करपट्टीवर बसत असतील, तर सुमारे ३ फूट उंचीचे, न डुगडुगणारे टेबल घ्यावे. चित्राची खालची कड मुलांच्या डोक्यांच्या वर राहते आणि मागच्या मुलास पुढच्याच्या मानेआडून पाहावे लागत नाही. मधली वाट मोकळी ठेवून मुलांना दोन्ही बाजूंस बसवावे. पहिली ओळ भिंतीपासून ८-९ फुटांच्या आत नसावी.

(इ) सरळपणा : यंत्र भिंतीशी काटकोनात असावे. ते खालून वर तिरके केले, की चित्र वर रुंद व खाली अरुंद होते. ‘कीस्टोन’ नावाच्या कळीने हा दोष झाकता येतो. परंतु त्यासाठी यंत्र चित्र आक्रसून घेते, काही बिंदू वाया जातात आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. म्हणून प्रथम टेबल सरकवून व यंत्राचे पाय फिरवून चित्र सरळ करावे. कीस्टोनचा आधार शेवटी आणि अल्प प्रमाणात घ्यावा.

(ई) वीजजोडणी : दिव्याच्या सामान्य यंत्रास साधारणपणे २५० ते ३५० वॅट वीज लागते. संगणकासाठी घेतलेला लहान यूपीएस दोहोंचा भार पेलेलच असे नाही. त्यावरील क्षमता पाहूनच जोडणी करावी. तीन पायांचा प्लग वापरावा, अर्थिंग आहे याची तारतंत्र्याकडून खात्री करून घ्यावी आणि सैल अथवा काळवंडलेल्या बोर्डास यंत्र मुळीच जोडू नये. तारा मुलांच्या वाटेतून न नेता भिंतीच्या कडेने न्याव्यात. वाट ओलांडावीच लागली, तर तार चिकटपट्टीने जमिनीस घट्ट बसवावी.

(उ) चित्रजोडणी : प्रथम संगणक व प्रक्षेपक एचडीएमआय किंवा व्हीजीए तारेने जोडावेत, नंतर प्रक्षेपक सुरू करावा. चित्र न आल्यास प्रक्षेपकावरील ‘सोर्स’ कळ दाबून योग्य मार्ग निवडावा. विंडोज असलेल्या संगणकावर विंडोज कळ व ‘पी’ एकदम दाबून ‘डुप्लिकेट’ निवडले, की संगणकावरील चित्र भिंतीवर येते. त्यानंतर भिंगाभोवतीचे कडे फिरवून चित्र स्पष्ट करावे. यंत्रातील ध्वनिवर्धक बहुधा लहान असतो. वर्गासाठी वेगळा जोडणे इष्ट.

सर्व मांडणी झाल्यावर शिक्षकाने स्वतः शेवटच्या ओळीत, मुलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीवर बसून चित्र वाचून पाहावे. टेबलाजवळ उभे राहून घेतलेली परीक्षा निरुपयोगी होय.

४. अक्षर व चित्र यांची निवड

दर १० फूट अंतरास अक्षर निदान १ इंच उंच असावे, हा तक्त्यांसाठी वापरला जाणारा ठोकताळा येथेही उपयोगी पडतो. शेवटचे मूल १८ फुटांवर असेल, तर अक्षर सुमारे २ इंच हवे. आपल्या देवनागरीत वर मात्रा-वेलांटी व खाली उकार येत असल्याने एका ओळीस प्रत्यक्षात ५ इंच जागा लागते. ६ फूट रुंद चित्राची उंची ४५ इंच. म्हणजे दाटीवाटीने ९ ओळी बसतील. म्हणून एका पानावर सहा-सात ओळींहून अधिक मजकूर घेऊ नये. पाठ्यपुस्तकाचे पान जसेच्या तसे भिंतीवर टाकणे हा सर्वांत अधिक आढळणारा दोष आहे. पुस्तक मुलाच्या हातात असताना त्याचेच बारीक रूप भिंतीवर दाखवून काय साधणार?

काही मुलांना तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद नीट कळत नाही. म्हणून केवळ रंगभेदावर अर्थ सोपवू नये. ज्या मुलांची दृष्टी अधू आहे त्यांस पुढे बसवावे आणि मागच्या मुलास अक्षर वाचता येत नाही असे वारंवार आढळल्यास पालकांस सांगून नेत्रतपासणी करवावी. कित्येकदा मुलाच्या दृष्टीतील दोष प्रथम अशा पाठातच लक्षात येतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा, अन्यथा दुसऱ्या संगणकावर अक्षरांच्या जागी चिन्हे उमटतात. दीक्षा या २०१७ साली सुरू झालेल्या शासकीय व्यासपीठावरील किंवा अन्य ठिकाणचे साहित्य घ्यावयाचे असल्यास ते आदल्या दिवशीच उतरवून घ्यावे व शेवटपर्यंत पाहावे. न पाहिलेले चलच्चित्र वर्गात लावणे म्हणजे न वाचलेला धडा शिकविणे होय.

काय दाखवावे, याची एकच कसोटी ठेवावी : जे मुलास प्रत्यक्ष दाखविता येत नाही, तेच भिंतीवर दाखवावे. शाळेमागे कडुलिंब असताना त्याचे पान भिंतीवर दाखवू नये. मुलांना झाडाखाली न्यावे. परंतु पठारावरील ज्या मुलाने समुद्र कधी पाहिलेला नाही, त्यास भरती-ओहोटी दाखविण्यास प्रक्षेपकासारखे साधन नाही.

५. नमुना पाठ : भरती-ओहोटी (इयत्ता सातवी)

पूर्वज्ञान : चंद्राच्या कला, अमावास्या व पौर्णिमा.

प्रस्तावना (५ मिनिटे, यंत्र बंद) : ‘समुद्राचे पाणी दिवसभर एकाच पातळीवर राहत असेल काय?’ असे विचारून मुलांचे अंदाज फळ्यावर लिहावेत.

पहिले दर्शन (५ मिनिटे) : एकाच धक्क्याची दोन स्थिर चित्रे दाखवावीत, एकात होडी पाण्यावर डोलते आहे, दुसऱ्यात तीच होडी चिखलात कलंडली आहे. शिक्षकाने काहीही न सांगता ‘काय बदलले?’ एवढेच विचारावे. मुलांनी धक्क्याच्या पायऱ्या मोजून पाणी किती उतरले याचा अंदाज करावा.

विचार (८ मिनिटे) : चित्र झाकण्याची कळ दाबून भिंत कोरी करावी. ही कळ बहुतेक यंत्रांच्या दूरनियंत्रकावर असते व तिचा उपयोग फार थोडे शिक्षक करतात. चित्र समोर असेतोवर मुले शिक्षकाकडे पाहत नाहीत. या वेळात चंद्र, सूर्य व पृथ्वी अशी तीन मुले उभी करून त्यांच्या जागा बदलाव्यात.

दुसरे दर्शन (६ मिनिटे) : चंद्राच्या बाजूस व त्याच्या विरुद्ध बाजूस पाण्याला येणारा फुगवटा दाखविणारे चलच्चित्र लावावे व ते निदान तीन वेळा थांबवावे. प्रत्येक वेळी ‘आता पुढे काय होईल?’ हा प्रश्न विचारावा.

उपयोजन (१० मिनिटे, यंत्र बंद) : लागोपाठच्या दोन भरतींत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. आज सकाळी १० वाजता भरती आली, तर पुढील भरती रात्री १० वाजून २५ मिनिटांनी आणि उद्या सकाळची १० वाजून ५० मिनिटांनी येईल, हे मुलांनी स्वतः काढावे. दिनदर्शिकेत अमावास्या, पौर्णिमा व अष्टमी शोधून उधाणाची भरती केव्हा व भांगाची भरती केव्हा, ते वहीत लिहावे.

मूल्यमापन (६ मिनिटे) : मुलांनी आकृती न पाहता काढावी. शेवटच्या ओळीतील दोन वह्या सर्वांआधी तपासाव्यात.

चाळीस मिनिटांच्या या तासिकेत यंत्राचे चित्र केवळ ११ मिनिटे दिसले, हे लक्षात येईल. उरलेला वेळ मुलांच्या विचारास व हातास मिळाला. हेच प्रमाण योग्य होय.

६. निगा व सुरक्षितता

यंत्र बंद करताना बंदची कळ दाबल्यावर आतील पंखा काही काळ फिरत राहतो व दिवा थंड करतो. पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये. मध्येच वीज गेल्यास १०-१५ मिनिटे यंत्र तसेच राहू द्यावे. तापलेला दिवा लगेच पुन्हा पेटवू नये व यंत्र पिशवीत भरू नये. हवेच्या जाळ्यांपासून भिंत, कापड, पुस्तके निदान एक फूट दूर असावीत.

जाळी असलेल्या यंत्राची जाळी पंधरवड्यातून एकदा तपासून मऊ ब्रशाने झाडावी. फळ्याजवळील खडूची भुकटी ही यंत्राची मोठी शत्रू आहे. भिंग सदऱ्याच्या टोकाने किंवा ओल्या बोटाने पुसू नये. चष्म्यासाठी मिळणारे कोरडे मऊ कापड वापरावे. पावसाळ्यात पाठ नसला तरी दर आठवड्यास अर्धा तास यंत्र चालवावे.

मुलांना भिंगात डोकावू देऊ नये. तीव्र प्रकाशाने डोळ्यांस अपाय होतो. पाऱ्याचा दिवा फुटल्यास मुलांना बाहेर न्यावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि तुकडे हाताने उचलू नयेत. दिवा बदलणे व यंत्र उघडणे ही जाणकाराचीच कामे होत.

नेहमीचे काही अडथळे मात्र शिक्षकास स्वतः दूर करता येतात. चित्र उलटे दिसत असेल, तर मांडणीच्या यादीत ‘छत’ अथवा ‘मागून’ असा पर्याय चुकून निवडला गेलेला असतो. चित्रास एकच रंगछटा आली असेल, तर व्हीजीए तारेचे टोक सैल झालेले असते. यंत्र आपोआप बंद पडत असेल, तर जाळी तुंबून ते तापलेले असते. चित्र दिवसेंदिवस मंद होत असेल, तर दिव्याचे झालेले तास यंत्राच्या यादीत पाहावेत.

७. नोंद व जबाबदारी

यंत्राजवळ एक साधी वही ठेवावी. तारीख, इयत्ता, घटक, वेळ, वापरणाऱ्याची सही व आढळलेला दोष एवढे रकाने पुरेत. महिन्याअखेर दिव्याचे तास त्यात लिहावेत. ही वही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दाखवावी. ज्या ग्रामस्थांनी वर्गणी दिली, त्यांना आपला पैसा मुलांच्या कामी येत आहे हे कळते. शिवाय पुढे बिघाड झालाच, तर तो वापरातून झालेला आहे, हलगर्जीपणातून नव्हे, याचा लेखी पुरावा शिक्षकाजवळ असतो. भीतीवर याहून चांगला उपाय नाही.

दुसरी गोष्ट, यंत्राचे ज्ञान एकाच शिक्षकाजवळ राहू देऊ नये. त्या शिक्षकाची बदली झाली की यंत्र पुन्हा खोक्यात जाते. द्विशिक्षकी शाळेत दोघांसही सर्व क्रम आला पाहिजे. मांडणीच्या पायऱ्या मोठ्या कागदावर लिहून कपाटाच्या आतील बाजूस चिकटवाव्यात. सहावी-सातवीच्या मुलामुलींस पाळीपाळीने पडदे ओढणे, टेबल खुणेवर ठेवणे, वही भरणे ही कामे द्यावीत; वीजजोडणी मात्र शिक्षकानेच करावी.

सारांश, यंत्राची किंमत त्याच्या पावतीवर नसून शेवटच्या ओळीतील मुलाच्या वहीत असते. त्या वहीतील आकृती बरोबर आली, तर खर्च सार्थकी लागला असे समजावे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या वर्गखोलीचे माप घेऊन चित्राची रुंदी, यंत्राचे अंतर व पहिल्या ओळीची जागा ठरवा.

२) आपल्या इयत्तेच्या परिसर अभ्यासातील कोणते तीन घटक भिंतीवर दाखविणे आवश्यक आहे व कोणते तीन शाळेबाहेर नेऊन दाखविणे योग्य, ते सकारण सांगा.

३) एक पाठ निवडून त्यात यंत्र किती मिनिटे चालू व किती मिनिटे बंद राहील, याचे टाचण तयार करा.